बोंडांचं पिंप

पिंपाचं झाकण उडालं तेव्हा मांय अंगणातल्या क्रुसापाशी मेणबत्ती लावत होती. आवाज तसा मोठा नव्हता, पण झाकण थेट न्हाणीच्या पत्र्यावर जाऊन आदळलं आणि कोंबड्यांनी असा काही गोंधळ घातला की शेजारचे कुत्रे भुंकायला लागले. मी मागच्या पडवीत धावले. निळ्या पिंपातून पिवळा फेस भसाभस वर येत होता. भिंतीवर, वलणीवरच्या माझ्या गाऊनवर आणि माझ्या सगळ्या हुशारीवर काजूच्या बोंडांचा लगदा उडाला होता.

मांय म्हणजे माझी सासू, नातालीन. ती दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. तिने पिंपाकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसतं नाक वर केलं, आणि तिचा चेहरा असा झाला की तसा तो मी आधी कधी पाहिला नव्हता.

"ह्या काय आसा?"

"डुकरांचा खाणा, मांय. आंबवलेला."

"ही दारू आसा."

"दारू नाय. बोंडां घातलंय, केळीचो खुंट, कोंडो, वायच गूळ..."

"माका शिकव नको. ही दारू आसा."

मांय अंगाने काडीसारखी. तरी तिने ते भरलेलं पिंप एकटीने आडवं केलं, गडगडत फणसाखालच्या खड्ड्यापर्यंत नेलं आणि सगळं ओतून वर माती ओढली. मग विहिरीवर जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. धुतले, हुंगले आणि परत धुतले. मला एक शब्द बोलली नाही. चांगली बोलणी खाल्ली असती तर मला बरं वाटलं असतं. मीही कमी नव्हते, दोन शब्द उलट बोलले असते आणि विषय संपला असता. पण ती गप्प राहिली, आणि गप्प माणसाशी भांडता येत नाही.

तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती. मी सावंतवाडीची, शिंप्याची मुलगी. डुक्कर मी आयुष्यात फक्त लग्नाच्या जेवणात, ताटात पाहिलं होतं. वेंगुर्ल्याच्या अलीकडे, डोंगर आणि समुद्राच्या बेचक्यातल्या ह्या घरात सून म्हणून आले तर घरामागे चिऱ्यांचा गोठा, आणि त्यात बयो नावाची एक काळी, लोंबत्या कानांची, कायम नाराज दिसणारी डुकरीण. माझा नवरा इनास मालवाहू बोटीवर. तो वर्षातून एकदा मे महिन्यात घरी यायचा. बाकीचे दिवस घरात मी, मांय आणि बयो. बोलण्यात तिघींमध्ये मीच पुढे.

इनासच्या मनात गोठा पाडायचा होता. त्या जागेवर दोन खोल्या बांधायच्या, समुद्र बघायला येणाऱ्या लोकांना भाड्याने द्यायच्या. "लोक वारो खावक येतले, डुकराचो वास घेवक नाय," असं तो फोनवर म्हणायचा. खोटं कशाला बोलू, मी त्याच्याच बाजूची होते. खोल्या चालल्या असत्या तर कदाचित त्याने बोट सोडली असती आणि मला नवरा वर्षभर मिळाला असता. पण मांय त्या गोठ्यावरून हटायला तयार नव्हती. घर कसं सारवायचं, भाजीला काय, कुणाच्या बारशाला काय न्यायचं, सगळं तिने माझ्यावर सोडलं होतं. फक्त गोठ्याचं नाव काढलं की ती दगड व्हायची.

अडचण अशी की बयोची पिल्लं जगत नव्हती. अंगावर पीत असेपर्यंत टुणटुणीत असायची. दूध तुटलं, पेज आणि उष्टंखरकटं सुरू झालं, की हगवण लागायची आणि पटापट जायची. मागच्या दोन्ही खेपांना असंच झालं होतं. शेवटी नाताळात फोनवर मायलेकांचं ठरलं. त्या वेळी बयो गाभण होती. "ह्या खेपेक पिल्लां जगली नाय तर गोठो तू मोड. मी बोलूचंय नाय," मांय म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन मागल्या दारी निघून गेली. म्हणजे इनास मे महिन्यात येईल तेव्हा गोठ्यात पिल्लं असली तर गोठा राहणार, नसली तर गवंड्याला बोलावणं.

आता, मला खोल्या हव्या होत्या तर मी पिंप भरायला का गेले? त्याचं कारण माझा स्वभाव. बंद डबा दिसला की मला झाकण काढून बघावंच लागतं. शिवाय पिल्लं झाली, आणि ती गुलाबी-काळी ठिपक्यांची पोरं माझ्या पायात लुडबुडायला लागली, माझ्या परकराची किनार चघळायला लागली. त्यानंतर खोल्यांचा विचार करताना मला जरा लाज वाटायला लागली.

त्याच सुमारास कॉन्व्हेंटच्या सिस्टर दारिशा अंडी न्यायला आल्या. त्या मेघालयातल्या, बुटक्या, हसऱ्या. मराठी सावकाश बोलायच्या, प्रत्येक शब्द आधी ताटात मांडून मग वाढल्यासारखा. गोठ्यातून आवाज आला तशा त्या झगा आवरून थेट आत शिरल्या आणि पिल्लांशेजारी उकिडव्या बसल्या. बयो कुणाला जवळ येऊ द्यायची नाही, पण त्यांना काही बोलली नाही.

"दूध सुटल्यावर यांना जुलाब होतात का?" त्यांनी विचारलं.

"होतात. सगळी मरतात."

"आमच्या घरीसुद्धा आधी मरत होती. मग आई पिंप भरायला लागली. केळीचा खुंट, अळूची पानं, भाताचा कोंडा, मीठ, थोडा गूळ. दाबून दाबून भरायचं. हवा नको. काही दिवसांनी आंबट होतं. आंबट खाल्लं की पोटातली घाण वाढत नाही. जे तुमच्याकडे वाया जातं, ते घाला."

वाया काय जातं म्हटल्यावर मला आमची काजूची झाडं आठवली. वाडीतले सगळे लोक बी काढून घ्यायचे आणि बोंडं बोस्त्यांवच्या दारूभट्टीवर पोचवायचे. आमची बोंडं मात्र झाडाखाली कुजायची. का, असं मी एकदा विचारलं होतं, तर मांय "कुजांदेत" एवढंच म्हणाली होती. तेव्हा मी तिला न सांगता, रसासकट, पाटीच्या पाटी बोंडं पिंपात कोंबली आणि झाकण ठोकून बसवलं. पुढे काय झालं ते सांगितलंच.

सिस्टरांना जाऊन सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. "रस नाही काढला? मग दारूच होणार. सासूबाईंचं बरोबर आहे. रस पिळून टाका, नुसता चोथा घ्या. कोंडा जास्त. आणि पायाने तुडवा."

पण मांयसमोर पिंपाचं नाव काढायची माझी छाती होईना. तेवढ्यात पिल्लांचं दूध तुटलं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी हगवण सुरू झाली. सर्वांत धाकटं, माझी किनार चघळणारं, ते आधी गेलं. मांयने त्याला फडक्यात गुंडाळून माडाच्या आळ्यात पुरलं, आणि मग गोठ्याच्या पायरीवर बसून राहिली. मी तिच्याजवळ पेज नेऊन ठेवली. ती निवून गेली तरी तिने हात लावला नाही.

सकाळी मी भांडी घासत होते. मांय मागून आली.

"तुजा ता पिंप. परत कर."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"पण रस थेंबभर ऱ्हवाक नको. आणि माका इचारल्याशिवाय पिल्लांक घालूचा नाय. मी वास घेतलंय, मगे घालूचा."

तिचं मन कशाने वळलं असेल, याचा मी दिवसभर विचार करत होते. बोंडं पिळून माझे हात चिकट आणि काळे पडले. रस सगळा खड्ड्यात गेला, बोस्त्यांवने बघितलं असतं तर बिचारा रडला असता. चोथ्यात भरपूर कोंडा, बारीक चिरलेला खुंट, मीठ घातलं. मग साडी खोचून पिंपात उतरले आणि तुडवायला लागले. मांय बाजूला उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण एकदा माझा पाय घसरला तेव्हा तिने पटकन माझं मनगट धरलं आणि वर येईपर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिचं एक नवीनच व्रत सुरू झालं. सकाळची प्रार्थना आटोपली की पिंपापाशी यायचं, वाकायचं, झाकणाच्या कडेशी नाक न्यायचं आणि डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचा. झाकण उघडायचं नाही. मग निकाल द्यायचा.

"गोड आसा आजून."

दुसऱ्या दिवशी, "तसाच."

एका सकाळी ती वाकली आणि झटकन मागे सरली. "दारूच्या वाटेक लागला. कोंडो हाड. बेगीन." आम्ही झाकण काढलं, दोन सुपं कोंडा आणि मूठभर मीठ घालून परत दाबून बसवलं. तिच्या कपाळावर घाम आला होता. एवढा घाम येण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

तोपर्यंत पिल्लांना सिस्टरांच्या सांगण्यावरून आम्ही भाजलेल्या तांदळाच्या पेजेवर कशीबशी धरून ठेवली होती. आणखी एक गेलं. उरलेल्यांची हाडं दिसायला लागली होती. माझा धीर सुटत चालला. पिंपातून मला तर आता आंबोळीच्या पिठासारखा छान आंबट वास येत होता. सिस्टर आल्या, त्यांनी वरचं थोडं चिमटीत घेऊन जिभेवर ठेवलं आणि मान हलवली. "झालं. घाला."

"नाय," मांय म्हणाली.

"मांय, सिस्टर म्हणतत झाला. पिल्लां मरतत थय."

"वयल्यान आंबाट आसा. तळाक आजून ताच बसला हा. घातलंस तर दोन दिसात सगळी मरतली."

ती चिडली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. पण ती पिंपाच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली. सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाही वर सारली आणि खांद्यापर्यंत हात खाली घातला. तळातली मूठ वर काढून त्यांनी हुंगली आणि माझ्या नाकाशी धरली. गोडसर, झणझणीत, नाकाच्या मागपर्यंत जाणारा वास. झाकणाच्या फटीतून ह्यातलं मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

सिस्टर हसल्या. "हे आमच्याकडे फक्त फार म्हाताऱ्या बायकांना जमतं. तेसुद्धा जन्मभर पिंपं भरल्यावर. सासूबाई, तुम्ही कुठे शिकलात?"

"चुलीर भात आसा," मांय म्हणाली आणि आत गेली. चुलीवर भात नव्हता. भात मी केव्हाच उतरवून ठेवला होता.

आता माझ्या जिवाला चैन पडेना. ह्या बाईने आयुष्यात कधी पिंप भरलं नव्हतं. दारूचा थेंब घरात येऊ देत नव्हती, बोस्त्यांवच्या भट्टीच्या वाटेने कधी जात नव्हती. मग हे नाक तिला आलं कुठून? मी आडून आडून विचारून पाहिलं. माहेरी कुणी भट्टी लावायचं का? नाही. सासरे लावायचे का? त्यावर ती म्हणाली, "तुजो सासरो सुतार." सासऱ्यांचा हॉलमध्ये फोटो होता, मिशा पिळलेल्या, हसरा चेहरा. कावीळ होऊन गेले एवढंच मला माहीत होतं.

आणखी दोन दिवसांनी मांय पिंपाशी वाकली, आणि बराच वेळ तशीच राहिली. मला वाटलं तिला चक्कर आली. मग ती सरळ झाली आणि म्हणाली, "आता घाल."

पिल्लं आधी नाक मुरडून मागे सरली. मग एका ठिपकेवाल्याने तोंड लावलं, शिंकलं, परत लावलं, आणि बघता बघता सगळी परातीत उभी राहून खायला लागली. बयोही त्यांना ढुशा देऊन मध्ये घुसली. मी आणि मांय दोघी तिथेच बसलो. त्यानंतर रोज सकाळी उठून मी पहिल्यांदा काय करायची तर गोठ्यात जाऊन लेंड्या बघायची. ज्या दिवशी त्या घट्ट दिसल्या त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला. रविवारी इनासचा फोन आला तेव्हा त्याला मी तेच सांगत बसले. फोनचे पैसे संपायला आले तसा तो म्हणाला, "बायको, माका वायच बरा काय तरी सांग." ह्याहून बरं मला त्या वेळी दुसरं काही सुचत नव्हतं.

मे महिन्यात इनास आला. रिक्षा फाटकाशी थांबली आणि मी चहाचं आधण टाकून पुढे धावले, तर दारात माझ्या आधी मांय. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, ह्या गालाचा मुका घेतला, त्या गालाचा घेतला, आणि कपाळ त्याच्या तोंडाशी लावून क्षणभर तशीच उभी राहिली. वर्षभराने नवरा घरी येतोय आणि मी मागे पदर चाळवत उभी. मागच्या वर्षीही असंच झालं होतं, आणि तेव्हाही मला राग आला होता. आई असली म्हणून काय झालं, असं मी मनात म्हटलं.

चहा न पिताच तो गोठ्याकडे गेला. पिल्लं आता चांगली गरगरीत झाली होती, त्याच्या बोटीवरच्या पांढऱ्या बुटांवर चढायला लागली. इनास दिलाचा साफ माणूस. तो कमरेवर हात ठेवून हसला. "जिकलंस गे आये. खोल्यो फुडल्या अंगणात बांदूया. ह्यो गोठो आसांदे."

मांयने नुसती मान डोलावली. ती आनंदाने काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. तो आंघोळीला गेला, आणि ती पिंपातून पाटी भरायला लागली. आता विचारायचं नाही तर कधी, असं म्हणून मी सरळच विचारलं.

"मांय, तुमका वासान कसा कळता सगळा?"

तिने पाटी भरली, पिल्लांसमोर ओतली, आणि मग पायरीवर बसली.

"तुजो सासरो माणूस वायट नाय होतो," ती म्हणाली. "पण सांजेक कामावयसून बोस्त्यांवाच्या बापाशीच्या भट्टीर जाय. मी दारात उबी ऱ्हवय. उंबऱ्याभायर आसतानाच वास घेवचो लागे. भट्टीची दारू पिलेलो आसलो तर गाणी म्हणी आणि झोपी जाय. पण पैसे नसले की तेका दारू देयनत. मगे तो भट्टीच्या पिंपातलो बोंडांचो आंबलेलो रस ओंजळीन पिय, फुकट. आंबाट नाय, दारू पण नाय, मदलाच. तो वास इलो की मी समजय."

"काय?"

"की आज मारतलो." तिने एका पिल्लाचा कान बोटांत धरून चोळला. "माका मारलो तर मारांदे. पण इनासावर जाय. म्हणान तो वास इलो की मी पोराक मागल्या दारान हय धाडय. गोठ्यात. डुकरीण मोठी होती, ह्या बयोच्या आवशीची आवस. तिच्या कुशीक निजे. तो हय कदी येवक नाय. डुकरीण तेका भितूर घेयना."

मी गोठ्याकडे पाहिलं. चिऱ्यांच्या भिंती, वर पत्रा, कोपऱ्यात गवत. माझ्या नवऱ्याला तो गवंडी लावून पाडायचा होता.

"इनासाक म्हायत नाय?"

"तो ल्हान होतो. तेका वाटा, आवस गमतीक धाडता. डुकरांवांगडा निजाची मजा. तसाच वाटांदे."

न्हाणीतून इनासच्या गाण्याचा आवाज येत होता. मला एकदम मघाचा दारातला प्रसंग समजला.

"मांय, मगाशी तुमी दारात..."

"दर खेपेक बगतंय," ती म्हणाली. "बोटीर माणूस काय शिकता कोणाक म्हायत. तुका वाटत आसात, सासू झिलाक सोडना नाय. वाटांदे. तेच्या तोंडाक काय वास नाय. आजून तरी नाय."

मला रडू आलं. तिच्यासाठी आलं, इनाससाठी आलं की माझ्यासाठी, ते मला आजही सांगता येत नाही. मी तिचा हात धरला. तिने थोडा वेळ धरू दिला, मग सोडवून घेतला आणि गुडघ्यावर जोर देऊन उठली.

"तो बांदूंदेत खोल्यो खय बांदूच्यो त्यो," ती म्हणाली. "पण मी मेलंय तरी गोठो मोडूक देव नको. तुका पोरां होतली. गोठो लागाचो नाय म्हणा. पण आसांदे."

मी हो म्हटलं. मग पिंपाचं झाकण दाबून घट्ट बसवलं, आणि आम्ही दोघी इनासला जेवायला वाढायला आत गेलो.